बघणारे वर, बोलणारे खाली

सोमवार: प्निक्सची टेकडी

अथेन्सला आलेला माणूस पहिल्या दिवशी अक्रोपोलिस चढतो. आम्ही मुद्दाम उलट्या बाजूने सुरुवात केली. अक्रोपोलिसच्या पश्चिमेला, गाड्यांना बंदी असलेल्या फरसबंद रस्त्यापलीकडे झाडीच्या टेकड्या आहेत, त्यातली एक प्निक्स. तिकीट नाही, रांग नाही, पाटीसुद्धा शोधावी लागते. मार्च संपत आलेला, गवतात पांढरी-पिवळी रानफुलं आणि मधूनच लालभडक पॉपी. बरोबर माझी आत्या. तिने ठाण्याच्या कोर्टात उभी हयात वकिली केली. तिला इथली कोर्टं बघायची होती, मला नाटकाची ओढ. दोघांचं एका सहलीत कसं जमणार, अशी घरी सगळ्यांना काळजी. पण अथेन्समध्ये ही दोन खाती वेगळी नव्हतीच.

प्निक्स म्हणजे नागरिकांच्या सभेची, एक्लेसियाची जागा. आज दिसतं ते असं: पंख्यासारखं पसरलेलं मोकळं माळरान, वरच्या अंगाला सरळ तासलेला कातळ आणि त्यातून कोरून काढलेला पायऱ्यांचा चौथरा. हा बेमा, म्हणजे वक्त्याची जागा. इथे उभं राहिलं की उजव्या हाताला अक्रोपोलिस पूर्ण दिसतो. जो तो इथे उभा राहून फोटो काढतो आणि अथेन्सच्या लोकशाहीचा पाचव्या शतकातला थोर पुढारी पेरिक्लीस इथूनच बोलला असं समजून खाली उतरतो.

पेरिक्लीस इथून बोललेला नाही. हा चौथरा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झालेला. त्याच्या काळात सभेचं तोंड बरोबर उलटं होतं. टेकडीच्या नैसर्गिक उतारावर लोक बसायचे आणि वक्ता खाली, उताराच्या पायथ्याशी उभा राहून वर बघत बोलायचा. पुढे पाचव्या शतकाच्या शेवटी भराव घालून दिशा फिरवली गेली. रोमन काळातला चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की लोकशाही उलथवणाऱ्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी बेमाचं समुद्राकडचं तोंड जमिनीकडे वळवलं, कारण समुद्रावरच्या सत्तेतून लोकशाही जन्मते असं त्यांना वाटे. गोष्ट प्लुटार्कच्या पद्धतीची, जरा जास्तच नेटकी. पण दिशा बदलली हे उत्खननात दिसलं आहे.

मला मात्र ती जुनी मांडणी सोडवेना. राजाच्या दरबारात सिंहासन उंचावर आणि अर्जदार खाली. इथे सत्ता ज्यांच्या हाती ते उतारावर वर बसलेले आणि ज्याला काही मागायचं, सुचवायचं, पटवायचं तो खाली. दवंडीवाला विचारायचा, कोणाला बोलायचंय? मग कोणीही नागरिक उठून पुढे जाऊ शकत होता. मत हात वर करून. काही निर्णयांना, उदाहरणार्थ एखाद्याला नागरिकत्व द्यायला, 6000 मतांची अट होती आणि जुन्या प्निक्सवर साधारण तेवढीच माणसं मावत.

ती यायची मात्र जिवावर आल्यासारखी. विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनिसच्या ‘अखार्नियन्स’ या नाटकाची (इ.स.पू. 425) सुरुवातच इथे होते. डिकायोपोलिस नावाचा शेतकरी पहाटे येऊन एकटाच बसलाय. सभा भरायची वेळ झाली तरी टेकडी ओस. लोक खाली बाजारात गप्पा छाटतायत आणि लाल रंगात बुडवलेली दोरी चुकवत इकडे-तिकडे पळतायत. गुलाम ही दोरी ताणून बाजारातून लोकांना टेकडीकडे हाकत, ज्याच्या कपड्याला रंग लागला त्याला दंड. हा बिचारा तोवर जांभया देतो, आळोखेपिळोखे देतो, मातीत रेघोट्या मारतो, पादतो, स्वतःचे केस उपटतो आणि मनात हिशेब करतो. पुढे लोकशाही पुन्हा स्थापन झाल्यावर सभेला येण्याचे पैसे द्यायला लागले, आधी एक ओबोल (तिथलं छोटं नाणं), मग दोन, मग तीन.

“म्हणजे भत्ता,” आत्या म्हणाली. “भत्ता मिळाल्याशिवाय कोरम होत नाही हे तेव्हापासूनचं आहे तर.”

मंगळवार: अगोरा

मोनास्तिराकी स्टेशनवर उतरलो. जवळच अगोरा, प्राचीन अथेन्सचा चौक. बाजार, कचेऱ्या, न्यायालयं, गप्पांचा अड्डा, सगळं इथेच. उत्तरेच्या कडेने पिरेयस बंदराकडे जाणारी रेल्वे सरळ अवशेषांतून गेली आहे, दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते. एका टोकाला हेफेस्टसचं देऊळ जवळपास अखंड उभं आणि सगळी गर्दी तिथेच. लोकशाहीच्या इमारती त्याच्या पायथ्याशी आहेत, पण तिथे नुसते पायाचे दगड. नकाशा हातात नसेल तर माणूस त्यांच्यावरून चालत जाईल आणि त्याला कळणारही नाही.

यातली एक जागा वर्तुळाकार आहे. हा थोलोस, इ.स.पू. 470-460च्या सुमाराचा. तो समजायला आधी क्लाइस्थेनिसची इ.स.पू. 508-07ची व्यवस्था माहीत हवी. त्याने कूळ-घराण्यांवरची जुनी विभागणी बाजूला सारून अॅटिका प्रांतातल्या नागरिकांना दहा नव्या गटांत वाटलं. प्रत्येक गटात थोडं शहर, थोडा किनारा आणि थोडा आतला मुलूख, म्हणजे कुठल्याच बड्या घराण्याला आपल्या भागाच्या जोरावर गट खिशात घालता येऊ नये. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून 50 जण, असं 500 जणांचं मंडळ. वर्षाच्या दहाव्या हिश्शापुरता एकेका गटाच्या 50 जणांकडे रोजचा कारभार. ते या गोल घरात सरकारी खर्चाने जेवत आणि त्यांच्यातले एक तृतीयांश रात्रीही इथेच झोपत, राज्य रात्री वाऱ्यावर राहू नये म्हणून. त्यांचा अध्यक्ष रोज चिठ्ठीने बदले. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का एक दिवस एक रात्र त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. मंडळावर आयुष्यात दोनदाच बसता येत असल्यामुळे हजारो साध्या माणसांच्या वाट्याला हे काम येऊन गेलं.

गोल घराला वरची बाजू नसते, मानाची जागा नसते. बांधणाऱ्यांच्या डोक्यात हे होतं का कोण जाणे, पण मला त्या वर्तुळात उभं राहून ते आवडलं.

अटॅलसच्या स्टोआत आता संग्रहालय आहे. हा लांबच लांब खांबांचा ओसरीवजा पॅसेज अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी 1950च्या दशकात जुन्या पायावर नव्याने बांधला. एका कपाटात थोलोसजवळ सापडलेले काळे चकचकीत प्याले आहेत. त्यांवर दोन अक्षरं जोडून ओरखडली आहेत: सार्वजनिक मालमत्ता. आपल्याकडे लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घालतात तशीच. जेवायला बसलेल्या 50 सत्ताधाऱ्यांपैकी कोणीतरी प्याला घरी नेणार, ही खात्री लोकशाहीला पहिल्यापासून होती.

आत्या मात्र कोर्टाच्या कपाटापुढून हलेना. आणि ते आहेच तसं. ज्युरीचा लाकडी किंवा कांस्याचा ओळख-पट्टा, त्यावर नाव, बापाचं नाव आणि गाव. शेजारी क्लेरोटेरियन या यंत्राचा फुटका संगमरवरी तुकडा: उभ्या फळीत ओळीने खाचा. इच्छुकांचे पट्टे या खाचांत बसवायचे, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोटे सोडायचे. पांढरा आला की ती अख्खी आडवी रांग आज कोर्टात, काळा आला की घरी. कोणता माणूस कोणत्या खटल्याला बसणार हे सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे लाच कोणाला द्यायची हाच प्रश्न. एरवी ज्युरी 201, 401, 501 अशा मोठ्या आकड्यांची, म्हणजे संख्येनेही लाच अशक्य.

मग पाण्याचं घड्याळ. दोन मातीची मडकी एकाखाली एक. वरच्याच्या तळाशी बारीक भोक आणि ते रिकामं व्हायला सुमारे सहा मिनिटं. छोट्या दाव्यात तेवढाच वेळ.

आणि मतदानाच्या चकत्या. कांस्याच्या, पैशापेक्षा मोठ्या, मधोमध आरपार छोटा दांडा. दांडा पोकळ असेल तर मत फिर्यादीला, भरीव असेल तर आरोपीला. प्रत्येक ज्युरीला दोन्ही प्रकारच्या मिळायच्या. अंगठा आणि बोटाने दांड्याची दोन्ही टोकं दाबून धरली की शेजाऱ्यालाही कळत नाही कुठली टाकली. आत्याने हवेतच बोटं मिटून करून बघितलं, पुन्हा करून बघितलं.

“गुप्त मतदान बोटांच्या चिमटीत!” मग जरा वेळाने, “पण वकील कुठेय यात?”

वकील नाही. ज्याचा दावा त्यानेच बोलायचं. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही आणि निकालावर अपील नाही.

“मग वकिलांनी खायचं काय?”

भाषणं लिहून द्यायचे, असं सांगितलं. लिसियससारखे लोक अशिलाच्या तोंडी शोभेल असं भाषण लिहून द्यायचे आणि अशील ते पाठ करून कोर्टात म्हणायचा.

“अरे, मग ते नाटककारच की,” आत्या म्हणाली, आणि उद्याच्या दिवसाची प्रस्तावना झाली.

जाता जाता हद्दपारीच्या खापऱ्या. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर कोरायचं. एकूण किमान 6000 खापऱ्या पडल्या तर सर्वांत जास्त नावं ज्याची तो दहा वर्षं शहराबाहेर. मालमत्ता जप्त नाही, शिक्षा नाही, फक्त जा. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या आणि हस्ताक्षरं पाहिली तर ती चौदा-एक माणसांचीच. आधीच लिहून ठेवलेल्या, वाटायला. इथे आम्ही दोघंही काही बोललो नाही, फक्त हसलो.

बुधवार: डायोनिससचं नाट्यगृह

सकाळी पाऊस. थांबल्यावर अक्रोपोलिसच्या दक्षिण दारातून आत गेलो आणि लोक वर चढत असताना उजवीकडे वळलो. डोंगराच्या कुशीत दगडी बाकांचं अर्धवर्तुळ, निम्मं गवताखाली. एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस, अॅरिस्टोफेनिस, चौघांचीही नाटकं पहिल्यांदा इथे झाली. एवढ्याशा जागेबद्दल असं दुसरं विधान जगात कुठे करता येईल असं मला वाटत नाही.

पण इथेही दगड नंतर आले. पाचव्या शतकात, म्हणजे या लोकांच्या हयातीत, उतारावर लाकडी फळ्यांचे बाक होते आणि काही हजार माणसं त्यांवर दाटीवाटीने बसत. दगडी बांधकाम पूर्ण केलं ते लिकुर्गसने, इ.स.पू. 330च्या सुमाराला, प्निक्सचा दगडी बेमा झाला त्याच काळात. आणि 322मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सची लोकशाही मोडली. लोकशाहीने आपल्या जागा दगडात बांधल्या तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. पुढच्या रांगेतल्या संगमरवरी खुर्च्या तर आणखी नंतरच्या. मधली सर्वांत देखणी, मद्याचा आणि नाटकाचा देव डायोनिसस याच्या पुजाऱ्याची. तिच्या हातांच्या बाहेरच्या बाजूला कोंबड्यांची झुंज लावणारी पंखवाली पोरं कोरली आहेत. पावसाने ओली झाल्यामुळे ती चांगली उठून दिसत होती. वर्तुळाभोवतीचा कठडा रोमनांचा, त्यांना इथे मारामाऱ्यांचे खेळ हवे होते.

तर हे सगळं मनातून पुसून फळ्या घालायच्या आणि मार्च-एप्रिलचा हा महिना ठेवायचा, कारण नगर-डायोनिसियाचा उत्सव याच ऋतूत. नाटक सुरू होण्याआधी काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. दहा सेनापती येऊन देवाला मद्य अर्पण करायचे. मित्रराष्ट्रांकडून आलेली खंडणी त्या वर्तुळात आणून सगळ्यांना दाखवायची. युद्धात बाप मेलेली, राज्याच्या खर्चाने वाढवलेली मुलं वयात आली की पूर्ण चिलखत घालून इथे फिरवायची. शहराच्या उपकारकर्त्यांचे सत्कार जाहीर करायचे. म्हणजे राज्याने आधी स्वतःचा दिमाख पूर्ण मांडायचा. आणि मग त्याच वर्तुळात नाटकवाल्याने येऊन त्या दिमाखाच्या चिंध्या करायच्या.

उत्सवाची रचनाही प्निक्सची आणि अगोराचीच. दहा गटांनी प्रत्येकी 50 पुरुषांचा आणि 50 मुलांचा गायनसंघ उतरवायचा, म्हणजे नुसत्या या समूहगायनात 1000 नागरिक. नाटकाच्या कोरसमध्येही धंदेवाईक नट नाहीत, नागरिकच. खर्च श्रीमंतांवर लादलेला. एका अर्थी हा कर, पण जिंकलं तर नाव होणार असा. परीक्षक दहा, गटामागे एक, चिठ्ठी टाकून. त्यांनी मतं द्यायची आणि दहातली पाचच पुन्हा चिठ्ठीने काढून निकाल लावायचा. तज्ज्ञ नकोत, ओळखीपाळखी नकोत. आत्याला हे इतकं आवडलं की आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांना हे लागू करायला हवं असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

आता नाटकं. इ.स.पू. 472मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ केलं, खर्च केला तरुण पेरिक्लीसने. पर्शियाला हरवलेल्या सालामिसच्या समुद्रयुद्धाला आठच वर्षं झालेली, प्रेक्षकांतले कित्येकजण त्या नावांवर वल्ही मारून आलेले, आणि नाटक शत्रूच्या राजवाड्यात घडतं. पर्शियाची राणी विचारते, या अथेन्सवाल्यांचा धनी कोण? उत्तर येतं की ते कोणाचेच गुलाम नाहीत, कोणाची प्रजा नाहीत. फळ्यांवर बसलेल्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: ज्यांनी आपलं शहर जाळलं त्यांच्या आया-बायकांचा आक्रोश अथेन्सकरांनी बसून ऐकला.

काही वर्षांनी त्याच एस्किलसच्या ‘सप्लायन्ट्स’मध्ये पळून आलेल्या मुली आर्गोसच्या राजाकडे आसरा मागतात. त्या म्हणतात, तूच तर राज्य आहेस. राजा म्हणतो, लोकांना विचारल्याशिवाय मला काही करता येणार नाही. मग सभेहून परत आलेला बाप सांगतो की उजवे हात एकदम वर गेले आणि हवा शहारली. पौराणिक राजाच्या गोष्टीत प्निक्सवरचं मतदान!

आणि इ.स.पू. 458चं ‘युमेनिडीस’. आदल्या चारेक वर्षांत एफियाल्टीसने अॅरिओपागस या बड्या लोकांच्या जुन्या मंडळाचे बहुतेक अधिकार काढून लोकांच्या संस्थांकडे दिले होते आणि त्याचा खून झाला होता. शहरात यादवी पेटायची धास्ती. अशा वेळी एस्किलस रंगभूमीवर त्याच अॅरिओपागसचा जन्म दाखवतो. आईचा खून केलेला ओरेस्टीस, मागे लागलेल्या सूडदेवता, आणि अथेना म्हणते, हा निवाडा मी एकटी करणार नाही, नागरिकांमधून ज्युरी नेमते. मतं पडतात, समसमान होतात, आरोपी सुटतो. अथेन्सच्या कोर्टाचा नियमही तोच, समान मतं म्हणजे सुटका. पण निकालाने नाटक संपत नाही. हरलेल्या सूडदेवता चिडून शहराला शाप द्यायला निघतात आणि उरलेलं सगळं नाटक अथेना त्यांची समजूत काढते. त्यांना घर देते, मान देते, शहरातच ठेवून घेते.

“हेच तर कोर्टात कोणी करत नाही,” आत्या म्हणाली. ओल्या बाकावर पिशवी टाकून ती बसली होती. “निकाल लागला की आपण फाइल बंद करतो. हरलेला माणूस त्याच गावात राहायचा असतो, हे त्या एस्किलसला कळलं होतं.”

मला वाटतं या नाट्यगृहाबद्दल मी वाचलेल्या पानांपेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी आहे.

सोफोक्लीसचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तो नाटककार होता तसाच खजिनदार होता आणि इ.स.पू. 441-40मध्ये पेरिक्लीसबरोबर सेनापतीही. त्याच सुमाराच्या ‘अँटिगनी’त राजा क्रेऑनला त्याचा स्वतःचा मुलगा सांगतो की जे एका माणसाचं आहे ते शहरच नव्हे. सगळं शहर तुझा हुकूम मोडणाऱ्या अँटिगनीची बाजू घेतंय, फक्त तुझ्या तोंडावर बोलत नाही, हेही तोच सांगतो. हे लिहिणारा स्वतः सत्तेत होता.

सभेत जिला उभं राहायची परवानगी नव्हती ती बाई इथे सर्वांत मोठ्याने बोलते, क्लायटेम्नेस्ट्रा, अँटिगनी, मेडिया, हेक्युबा. मुखवट्यामागे पुरुषच, लिहिणाराही पुरुषच. तरीही. इ.स.पू. 416मध्ये अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुलं विकली. 415च्या वसंतात युरिपिडीसने याच वर्तुळात ट्रॉयच्या गुलाम होणाऱ्या बायका उभ्या केल्या. ज्या सभेने मेलोसचा निर्णय घेतला तीच माणसं समोर.

सगळंच चालायचं असं मात्र नाही. फ्रीनिखसने मित्रशहर मिलेटसच्या पाडावावर नाटक केलं, प्रेक्षक ढसाढसा रडले आणि शहराने त्याला 1000 द्राक्मा (तिथली चांदीची नाणी) दंड करून ते नाटक पुन्हा करायला बंदी घातली. अॅरिस्टोफेनिसला क्लिऑन या पुढाऱ्याने मंडळापुढे खेचलं. त्यानंतर अॅरिस्टोफेनिसने त्याच क्लिऑनला पॅफ्लागोनियन गुलाम बनवून ‘नाइट्स’मध्ये झोडपलं, पहिलं बक्षीस घेतलं, आणि क्लिऑन तेव्हा ऐन भरात होता.

गुरुवार: अक्रोपोलिस

ठरलेल्या वेळेचं तिकीट असूनही गर्दी. संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालेला, आत्याने माझा दंड घट्ट धरलेला.

पार्थेनॉन या अथेनादेवीच्या देवळाबद्दल मी थोडक्यात आटपतो. इ.स.पू. 447 ते 432, इक्टिनस आणि कॅलिक्रेटीस, मूर्तिकाम फिडियसचं. ते सुंदर आहे यात वाद नाही. वाद आहे तो पैशाचा. पर्शियाशी लढायला उभारलेल्या संघाचा खजिना इ.स.पू. 454मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला आणला गेला आणि मित्रांच्या वर्गणीतला साठावा हिस्सा अथेनादेवीच्या नावाने काढला जाऊ लागला. या हिश्शाच्या याद्या दगडावर कोरलेल्या आहेत. पेरिक्लीसचे विरोधक तेव्हाच सभेत ओरडत होते की दुसऱ्यांच्या पैशाने शहराला नटव्या बाईसारखं सजवताय. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे पेरिक्लीसने एकदा सभेला विचारलं, फार खर्च केला का मी? लोक म्हणाले, फारच. मग माझ्या खिशातून करतो आणि वर माझं नाव घालतो, म्हणाला. लोक ओरडले, नको नको, सरकारी पैशातूनच कर! खरी असो वा नसो, गोष्टीत अथेन्सकर बरोबर पकडले आहेत.

माझं मन रमलं ते पलीकडच्या एरेख्थेयोनपाशी. मुलींच्या आकाराच्या खांबांसाठी नव्हे. तिथल्या आता सगळ्या नकला आहेत, खऱ्या खालच्या संग्रहालयात आणि एक लंडनला. या देवळाचे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले. कोणत्या गवंड्याला कोणत्या खांबाच्या खोबणी काढायचे किती, कोणत्या मूर्तिकाराला घोड्याजवळच्या तरुणाचे किती. चित्रपट्टीतल्या एका आकृतीला साधारण 60 द्राक्मा. मजुरांमध्ये नागरिक आहेत, परगावाहून येऊन राहिलेले मेटिक आहेत, गुलामही आहेत, आणि रोज सगळ्यांना तोच, दिवसाला एक द्राक्मा. गुलामाचा द्राक्मा बहुधा मालकाच्या हातात पडायचा, ते खरं. पण हे हिशेब कपाटात बंद नव्हते. दगडात कोरून डोंगरावर उभे केले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत म्हणून. लोकशाही स्थापत्यात शोधायची तर मी खांबांपेक्षा या बिलांत शोधेन.

शुक्रवार: एपिडॉरस

भाड्याची गाडी करून पेलोपोनीजला. सुंदर नाट्यगृह, 55 ओळी, पाइनच्या झाडीत, आणि आवाजाची ख्याती ऐकून आलेला प्रत्येक गट मधल्या दगडावर टाळ्या वाजवून, नाणं टाकून बघत होता. आम्हीही वरच्या ओळीत जाऊन बसलो. टाळी छान ऐकू येते. पण हे एका वैद्यदेवाच्या, अॅस्क्लेपियसच्या देवस्थानाचं नाट्यगृह, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे थोर शोकांतिका लिहून झाल्यावर पाऊण-एक शतकाने आलेलं. भूमिती इतकी अचूक की मला परीक्षेचा पेपर आठवला. उन्हाळ्यात इथे अजूनही नाटकं होतात, तेव्हा यावं.

शनिवार: थोरिकोस

अथेन्सच्या पेदिओन तू आरेओस या बागेजवळून लावरिओची बस मिळते. लावरिओहून टॅक्सीने थोडं मागे आलं की वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या बाजूला, टेकडीच्या पोटात थोरिकोसचं नाट्यगृह. आमच्याशिवाय कोणी नाही. ग्रीसमधल्या सर्वांत जुन्या दगडी नाट्यगृहांपैकी हे एक, आणि अर्धवर्तुळ नाहीच. मधल्या बाकांच्या ओळी जवळपास सरळ, दोन्ही टोकांना वळलेल्या, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी. जसा उतार मिळाला तसे बाक बसवले. एपिडॉरसच्या कंपासनंतर डोळ्यांना बरं वाटलं.

थोरिकोस हे अॅटिकातल्या 139 गावांपैकी, डेमोसपैकी एक. क्लाइस्थेनिसच्या व्यवस्थेत नागरिकत्वाची नोंद गावात होई, माणसाच्या नावाला गावाचं नाव जोडलं जाई, 500च्या मंडळावर गाव आपली माणसं पाठवी. हिवाळ्यात गावोगावी डायोनिससचा छोटा उत्सव आणि नाटकं होत. गावच्या सभाही याच बाकांवर भरत असाव्यात, दुसरीकडे एवढी माणसं बसवणार कुठे? नाट्यगृह आणि सभागृह एकच, हे राजधानीपेक्षा इथे जास्त उघड दिसतं.

पण बाकांच्या बाजूला, काही पावलांवर, कातळात एक काळं तोंड आहे. ती चांदीच्या खाणीची गॅलरी. जरा पुढे खनिज धुवायचा हौद: सपाट उतरता ओटा, त्याभोवती पाणी फिरवून परत आणायच्या पाटांचा चौकोन, जुना पाणी न झिरपणारा गिलावा अजून धरून आहे.

या चांदीशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. इ.स.पू. 483मध्ये इथल्या भागात नवं घबाड लागलं. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राक्मा वाटायचं चाललं होतं. थेमिस्टोक्लीसने सभेला पटवलं की वाटू नका, युद्धनौका बांधा. त्या नौकांनी सालामिस जिंकलं. नौका वल्हवायला गरीब नागरिक लागले, आणि ज्यांच्या हातावर शहर वाचलं त्यांना सभेत गप्प बसवणं मग कोणालाच जमलं नाही. एस्किलसच्या राणीला मिळालेलं ते उत्तर या चांदीवर उभं आहे.

चांदी काढत होते गुलाम. गॅलऱ्या इतक्या ठेंगण्या की रांगत किंवा आडवं पडून खणावं लागे. झेनोफन लिहितो की निकियास नावाच्या अथेन्सच्या पुढाऱ्याचे एक हजार गुलाम खाणीत होते, दर गुलामामागे दिवसाला एक ओबोल भाड्याने दिलेले.

आत्या काळ्या तोंडाशी वाकून आत टॉर्च टाकत होती. तिला मी निकियासची दुसरी गोष्ट सांगितली, कारण ती याच पैशाची आहे. निकियास नाटकांवर आणि गायनसंघांवर सढळ हाताने खर्च करायचा आणि कधी हरला नाही असं प्लुटार्क म्हणतो. एकदा त्याच्या अशाच एका प्रयोगात त्याच्या घरचा एक देखणा तरुण गुलाम डायोनिससच्या वेषात आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तो थांबेना. निकियास उठून म्हणाला, ज्याला लोकांनी देव म्हणून डोक्यावर घेतलं त्याला गुलाम ठेवणं पाप आहे. आणि त्याने त्या पोराला मोकळं केलं.

“आणि ते हजार?” आत्याने टॉर्च बंद केला.

ते सगळे जमिनीखालीच. पुढे इ.स.पू. 413मध्ये स्पार्टाने अॅटिकात डेकेलिया इथे कायमचा तळ ठोकला, तेव्हा अथेन्सचे 20,000हून जास्त गुलाम पळून गेले असं थुसिडिडीस सांगतो. 406मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईला वल्हेकरी कमी पडले म्हणून गुलामांना नौकांवर चढवलं आणि त्याबद्दल स्वातंत्र्य दिलं. पुढच्याच वर्षी अॅरिस्टोफेनिसच्या ‘फ्रॉग्ज’मध्ये पहिल्याच प्रवेशात गुलाम झँथियस धन्याचं सामान वाहत येतो आणि कुरकुरतो, मी का नाही गेलो त्या लढाईला! त्याच नाटकात कोरस थेट प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की गुलामांना एका लढाईपायी धनी केलंत ते ठीकच, पण चुकलेल्या आपल्याच नागरिकांचे हक्क काढून घेतलेत तेही परत द्या. लोकांना तो सल्ला इतका पटला की नाटकाचा पुन्हा प्रयोग करायचा मान दिला, आणि पुढे तसा ठरावही झाला.

“कोणाचे हक्क परत दिले? नागरिकांचेच ना?” आत्या म्हणाली.

हो, नागरिकांचेच.

“मग झँथियसचं काय झालं?”

नाटकात तो अर्ध्यावरच दिसेनासा होतो, असं सांगितलं. टॅक्सीवाला फाटकापाशी हॉर्न वाजवत होता. सुनिओनचं देऊळ बंद व्हायच्या आत गाठायचं होतं आणि ती अजून त्या नाटकाची उलटतपासणी घेत होती.